दहाचं बोट

नोकरीनं लिफ्टवाल्यांना दोन गोष्टी दिल्या: पेन्शन आणि बहिरेपणा. त्यांचं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करत इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनखोल्यांत, मोटारींच्या घरघरीत गेलं. कान गेले, हात शाबूत राहिले. रिकामे हात खायला उठतात म्हणून निवृत्तीनंतर ते मागच्या खोलीत कॉम्प्युटर जोडू लागले. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढी स्वस्त चिप, एरवी खेळण्यात नाहीतर कपडे धुण्याच्या मशीनमध्ये असते तशी, भंगारातला कीबोर्ड, आणि कुणीतरी टाकून दिलेला छोटा टीव्ही. त्यावर बेसिक नावाची जुनी, साधी भाषा चालायची. बटण दाबलं की पडद्यावर यायचं, ‘बोला’. लिहिण्यात चूक झाली की, ‘काय?’ हे दोन्ही शब्द त्यांनी ठिपक्याला ठिपका लावून स्वतः काढले होते.

“घरात एक ‘काय?’ होताच,” बायको म्हणाली. “आता त्याला भाऊ आणलात.”

“काय?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

बायकोला सगळे बाई म्हणत, तेही म्हणत. बाईंनी वर्षानुवर्षं टाइपरायटरवर इंग्रजी टायपिंग शिकवलं. क्लास बंद पडला, मशीनं लोखंडाच्या भावानं गेली, त्या दिवशी त्या दारापर्यंतही आल्या नव्हत्या. नंतर त्या विषयावर अवाक्षर नाही.

आता जवळच्या वाचनालयानं मुलांसाठी शनिवारचा बेसिकचा वर्ग ठरवला होता. लिफ्टवाल्यांची मशीनं तयार होती, पण मुलाचा प्रश्नच ऐकू न येणारा माणूस शिकवणार कसा? बाई उभ्या राहिल्या तर वर्ग, नाहीतर मशीनं खोक्यात. हे लिफ्टवाल्यांनी बोलून दाखवलं नाही. बाईंची खुर्ची तेवढी कीबोर्डासमोर सरकवली.

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला आधी आकडा द्यावा लागतो. दहा, वीस, तीस. बाईंनी नजर कागदावर ठेवली, पाठ ताठ केली आणि पहिली ओळ एका दमात मारली.

काय?

पुन्हा मारली. काय?

लिफ्टवाल्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. दहाच्या जागी एल आणि ओ ही अक्षरं उमटली होती. बाईंच्या जुन्या टाइपरायटरांना एक आकड्याचं बटण नव्हतं, शून्याचंही नव्हतं. एकासाठी धाकटा एल, शून्यासाठी ओ. दोन्ही अक्षरं उजव्या अनामिकेची. जन्मभर ‘दहा’ त्यांनी त्या एका बोटानं लिहिला आणि शेकडो जणांना तसाच शिकवला.

“सवय आहे, जाईल,” लिफ्टवाले म्हणाले.

गेली नाही. बोटं डोक्याच्या पुढे धावत होती. पाचव्यांदा ‘काय?’ आल्यावर बाई उठल्या.

“मुलांसमोर असं झालं तर? टायपिंगच्या बाई, आणि आकडा लिहिता येत नाही. मला नाही जमायचं. दुसरं कुणी बघा.”

संध्याकाळी लिफ्टवाल्यांनी चिपमधल्या सूचना उघडल्या आणि गुपचूप बदल केला: ओळीच्या सुरुवातीला एल दिसला तर एक समज, आकड्यानंतर ओ आला तर शून्य. दहा, वीस, तीस लिहून पाहिलं. चाललं.

सकाळी त्यांनी बाईंना आग्रह करून बसवलं. ओळी सरळ आत गेल्या. बाईंचा चेहरा जरा सैलावला. लिहिलेलं सगळं पडद्यावर पाहायला ‘लिस्ट’ असा हुकूम द्यायचा असतो. तो त्यांनी दिला. मशीन गप्प. पुन्हा दिला. गप्प. लिस्टमधलाही पहिला एल त्यानं एक धरला होता आणि उरलेली अक्षरं एक नंबरची ओळ म्हणून मुकाट गिळली होती. मग बाईंनी लिहिलेल्या ओळी चालवायचा हुकूम, ‘रन’, दिला.

काय?

बाईंनी खुर्ची वळवली. “काल अडत होतं ते आज अडलं नाही. बोटं तर माझी तीच आहेत, एलवरच जाणारी. अहो, तुम्ही ह्यात काय केलंत?”

“काय?”

“ऐकू आलंय तुम्हाला.”

लिफ्टवाले टीव्हीची वायर नीट करू लागले.

“माझी चूक ह्या डब्याला शिकवलीत? उद्या ती पोरं एल लिहितील आणि हा मान डोलावेल. माझी अब्रू राखायला त्यांना चुकीचं शिकवू?”

“तू येत नाही म्हणालीस.”

“म्हणाले. काढून टाका ते. शनिवारी येते मी. पण आधी पोरांना सांगणार, तुमच्या बाईंना ‘एक’ लिहिता येत नाही. तुम्ही शिकाल तसा मीही शिकेन. कुणी हसलं तर हसू दे.”

लिफ्टवाल्यांनी बदल काढला. तेवढा वेळ त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. मग हात पुन्हा जागेवर ठेवले. आता एक डाव्या करंगळीचा, शून्य उजव्या करंगळीचं. दहा दोन हातांत वाटला गेला होता. डावी करंगळी वरच्या ओळीपर्यंत पोचेना, अलीकडेच पडे. मनगट जरासं उचललं असतं तर पोचली असती. बाईंनी ते उचललं नाही. कुणा विद्यार्थ्यालाही त्यांनी कधी उचलू दिलं नव्हतं.