पोळ्याच्या तोरणाखालची लाल गाडी

परवा साकोलीला नुकत्याच धुतलेल्या एसटीत चढले. ओल्या सीटा, फिनाइलचा वास, आणि मला एकदम आमच्या एकोडीचा तलाव आठवला.

पोळ्याची सकाळ. तलावावर बैल धुणं चाललेलं. सणामुळे प्रवासी नव्हते, म्हणून मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर तलावाच्या पाळीवर, बांधावर उभे होते.

"तुमचे बैल चकाचक, अन् माही गाडी पाहा! खर्रा थुकून थुकून रंगवली."

"मंग आणा न इकडे, भाऊ!" बाबा ओरडले.

झालं! अर्धं गाव गाडीला भिडलं. आम्ही पोरींनी धानाच्या तणसाच्या बोळ्यांनी सीटा घासल्या. गाडीला बैलासारखा खांदा कुठला, म्हणून आईनं समोरच्या पत्र्यालाच हळद-तूप चोळलं आणि ओवाळलं. संध्याकाळी बैलांच्या मागोमाग गाडीही तोरणाखालून गेली, तेव्हा आम्ही नाच नाच नाचलो.

मला तो सगळा पोरखेळच वाटला होता. पण दुसऱ्या दिवशी बाबा गालात तंबाखूचा खर्रा धरून त्याच गाडीत बसले, सवयीनं खिडकीकडे वळले आणि थबकले. पुढच्या थांब्यापर्यंत गाल फुगवून गप्प. तिथं खाली उतरून थुंकले आणि परत चढले.

"उतरले कायले जी?" कंडक्टरनं विचारलं.

"काल पूजलेल्या बैलाच्या अंगावर कोणी थुकते का?"