आधीचे गुरुजी

शिक्षकाने पेरलेले ज्ञान गाव पिढ्यान्‌पिढ्या जपते. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात मी हे स्वतः पाहिले आहे. फक्त पेरणारा मी नव्हतो.

नव्वदच्या दशकात मला तिथली एका खोलीची शाळा मिळाली. चार वर्ग चार कोपऱ्यांत बसत. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई मीच. गावात मी ‘मास्तर’. ‘गुरुजी’ हा शब्द माझ्या आधीच्या माणसासाठी राखीव होता. तो बदली होऊन वडशाला गेला होता, पण गावातून गेला नव्हता. आवारातला कडुलिंब त्याने लावलेला, म्हणून सावलीही त्याचीच. सात वर्षांनी माझ्या तिसरीच्या पोरांनी तीसपर्यंत पाढे म्हणून दाखवले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “गुरुजीनं पाया पक्का केलता.” गुरुजी गेला तेव्हा ही पोरं रांगत होती.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. मंडईला नाटक हवे आणि नाटकातल्या नटांना रंगायला शाळेची खोली. नाट्यमंडळाचा अध्यक्ष खोली मागायला आला आणि जाताना शाळेतली एकुलती खुर्चीही उचलू लागला.

“खुर्ची कुणासाठी?”

“उद्‌घाटनाले गुरुजी येऊन राह्यले ना.”

“आणि मी?”

“तुमी तं घरचेच, मास्तर. पडद्यामागं ध्यान ठेवा. नटायनं फळा खराब नाई केला पायजे.”

मला राहवले नाही. “गुरुजींनी असं केलं तरी काय?”

“मोहाच्या दिवसात शाळाच नाई भरवे,” तो म्हणाला. “पोरं फुलं येचत, तं गुरुजी बी त्यायच्यासंग टोपलं घेऊन झाडाखाली. तुमी हाजरी घेता.”

म्हणजे एवढ्यावर खुर्ची मिळत होती. मी पुढचे वर्षभर मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या सुट्ट्या राखून ठेवल्या आणि मोह फुलायच्या बेताला सगळ्या एकदम जाहीर केल्या. बाजारातून टोपलेही आणले, त्याच्यापेक्षा मोठे असावे अशा बेताने.

त्या वर्षी गारपीट झाली आणि मोह झडून गेला. पोरांना वेचायला काही उरले नाही, म्हणून ती रोज सकाळी शाळेच्या बंद दारापाशी येऊन बसू लागली. पाण्याला निघालेल्या त्यांच्या आया थांबून म्हणत, “गुरुजी असते तं शाळा भरवली असती.”

जाहीर केलेली सुट्टी मागे घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नव्हता.