आक्कांचा फाया

गेल्या दिवाळीत तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तुम्ही दोघांनीही विचारलंत, आजोबा कुठे आहेत. मी म्हटलं, झोपलेत. ते झोपले नव्हते. आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते आणि तुमचं बोलणं ऐकत होते. धाकटीने शाळेतलं गाणं म्हटलं तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला होता. पण त्यांना तुमच्यासमोर यायचं नव्हतं. आता त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झालाय, तेव्हा काय झालं होतं ते सांगायला हरकत नाही. फोनवर सांगायला गेलं की ते मागून "पुरे" म्हणतात, म्हणून लिहितेय.

तुमच्या आजोबांना वासाची हौस. मला लग्न झाल्या झाल्या ते जरा जास्तच वाटायचं. माझ्या माहेरी साबण आणि पाणी एवढ्यावर भागायचं. हे मात्र बँकेत जातानासुद्धा कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवून जायचे. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत हिना. दाढी झाल्यावर लोशन, त्यावर पावडर, रुमालावर सेंटचा एक थेंब. तुम्ही लहान असताना त्यांच्या मानेत तोंड खुपसून बसायचात ते आठवत असेल. तुमच्या बाबांनी एकदा त्यांचा जुना स्वेटर तिकडे नेला होता, तो धुवायचा नाही म्हणून तुम्ही हट्ट धरला होता.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांना कानामागे खाज सुरू झाली. मग मान, मग मनगटाची आतली बाजू. मी आधी वांगं बंद केलं, मग शेंगदाणे, मग अंडी. कपड्यांची पावडर बदलली. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ सांगितली, तीही केली. कशानेच उतार पडेना तेव्हा कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगी आहे, शांत बोलते. तिने आजोबांच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या ओळी लावल्या. प्रत्येक पट्टीवर बारीक बारीक चकत्या आणि प्रत्येक चकतीत वेगवेगळं औषध. दोन दिवस पाठ ओली करायची नाही. आजोबा ते दोन दिवस ताठ बसून होते आणि मला म्हणत होते, "माझ्या पाठीचा नकाशा केलाय तुम्ही दोघींनी."

पट्ट्या काढल्या तेव्हा एका चकतीखाली लालभडक गोल उठला होता, वर पाण्याचे फोड. डॉक्टरांनी नाव सांगितलं, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल. मी दोनदा विचारून पाठ केलं. हा कारखान्यात तयार केलेला फुलाचा वास आहे म्हणाल्या. कुठल्या फुलाचा विचारलं तर म्हणाल्या, लिली ऑफ द व्हॅली.

मला हसावं की काय करावं कळेना. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला त्या फुलावर एक धडा होता. सिस्टरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं, एका देठाला लोंबणाऱ्या पांढऱ्या घंटा. मी ते वहीत उतरवून घेतलं, त्याचं स्पेलिंग पाठ केलं, त्याच्यावर परीक्षेत दहा ओळी लिहिल्या. कोल्हापुरात राहून ते फूल मी कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की त्या फुलाचं अत्तर काढताच येत नाही, कितीही फुलं गोळा केली तरी तेल हाती लागत नाही. म्हणून माणसांनी तो वास बनवला, आणि आता तो कशाकशात घालतात.

मी म्हटलं, "पण आमच्या बाटलीवर तर मोगरा लिहिलंय."

"मोगऱ्यातही घालतात, काकू. त्याने वास मऊ होतो."

यावर औषध काय, हे मी विचारलंच. औषध फक्त आलेल्या पुरळाला आहे, मुळाला नाही. शरीर एकदा अशा गोष्टीवर उलटलं की जन्मभर उलटलेलं राहतं. त्या वासाला लांब ठेवायचं, बस. साबणाच्या, पावडरीच्या, क्रीमच्या वेष्टनावर ते नाव सापडेल का, तर तेही नाही. तिथे नुसतं परफ्यूम एवढं एकच लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाच्या आत काय काय आहे ते कुणी सांगत नाही.

माझ्या शिस्तीवरून तुम्ही मला हसता. ती इथे कामाला आली. घरातून सगळे वासाचे पदार्थ काढले. माझी पावडरसुद्धा. बिनवासाचा साबण शोधला, फरशीला साधं पाणी, कपड्यांना सोडा, देवापुढे उदबत्तीऐवजी तुपाचं निरांजन. खाज थांबली. डॉक्टर खूश झाल्या. पण आजोबा आरशापुढे कमी वेळ उभे राहू लागले. रंकाळ्यावर फिरायला येणारे मित्र म्हणायचे, "काय साहेब, पेन्शन बंद झाली का? वासच न्हाय आज." लग्नात गेलो की दारात अत्तर लावणारा पुढे यायचा आणि हे हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. यजमानांना ते बरं वाटत नसे. पुढे पुढे हे मलाच एकटीला लग्नाला पाठवायला लागले.

आता आक्का. आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय, त्यांच्या गावी, गडमुडशिंगीला. आजोबा अगदी लहान असताना त्यांची आई गेली आणि आक्कांनीच त्यांना वाढवलं. स्वतः परकर-पोलक्यातली मुलगी, कडेवर हा भाऊ. शाळेत पाठवताना त्याचं तोंड धुऊन, कुठूनतरी मिळवलेला अत्तराचा फाया त्याच्या कानात ठेवायच्या. आई नसलेलं पोर कुणाला कळकट वाटू नये म्हणून. आजोबांची हौस ती तिथली आहे. दर भाऊबीजेला आम्ही मुडशिंगीला जातो. आक्का भावाच्या डोक्याला तेल लावतात, ओवाळतात, मग कानामागे अत्तर. आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलीये. उजेड-अंधार तेवढा कळतो.

निदानानंतरची ती पहिलीच भाऊबीज, म्हणून दिवाळीच्या आधी मी त्यांना फोन करून सगळं नीट समजावलं. त्या मला लग्नापासून म्याडम म्हणतात, कौतुकाने नव्हे. म्हणाल्या, "अगं म्याडम, अत्तरानं कुणाला काय हुतंय व्हय? देवाला लावतो की आपण." मी डॉक्टरांचं सांगितलं, पाठीवरच्या पट्ट्यांचं सांगितलं. तर म्हणाल्या, "त्येला मी न्हाऊ घातलंय. त्येच्या कातडीचं मला नगं सांगूस." आणि फोन आपल्या सुनेकडे दिला.

सून शहाणी आहे. आम्ही दोघींनी ठरवलं. आक्कांच्या सुगंधी तेलाच्या बाटलीत आदल्या दिवशी साधं खोबरेल भरून ठेवायचं, अत्तराची बाटली फडताळातून उचलून ठेवायची. मी इथून हळद आणि हरभरा डाळीचं पीठ घालून केलेलं बिनवासाचं उटणं नेलं. पिशवीत पाण्याची बाटली, आमचा साबण, स्वच्छ पंचा. सगळं व्यवस्थित होतं.

आजोबा पाटावर बसले. आक्कांनी तळहातावर तेल घेतलं, त्यांच्या टाळूवर थापलं आणि थांबल्या. हात नाकाशी नेला. "ह्ये कसलं तेल? पाणीच हाय की." सुनेने काहीतरी सांगितलं, दुकानदार बदलला वगैरे. आक्कांनी तेलाचा हात पदराला पुसला. त्यांनी ओवाळलं. निरांजन आजोबांच्या तोंडापासून जरा बाजूलाच फिरत होतं. मग त्यांनी कनवटीला हात घातला आणि एक इवलीशी बाटली बाहेर काढली.

ती आम्हा दोघींना माहीतच नव्हती. मी पुढे झाले. "आक्का," एवढं म्हणालेही. आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी पंचा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आक्कांनी बाटली बोटावर उपडी केली. तेल बिनवासाचं निघालं म्हणून की काय, अत्तर भरपूर घेतलं. एका कानामागे लावलं, दुसऱ्या कानामागे लावलं आणि उरलेले दोन्ही ओले तळवे भावाच्या तोंडावरून फिरवले. कपाळ, पापण्या, गाल, हनुवटी. सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"कसा वाळलास रं," त्या म्हणाल्या. "आता आला बघ तुझा वास. मगापास्नं कोण बसलंय त्येच कळंना झालतं."

आजोबा म्हणाले, "मीच हाय की आक्का."

आक्कांशी बोलताना ते असेच बोलतात. मला वाटलं आता ते उठतील, हात धुवायच्या निमित्ताने मागच्या नळावर जातील. मी साबण काढून ठेवला होता. पण आक्का त्यांच्या शेजारीच जेवायला बसल्या, हात त्यांच्या गुडघ्यावर. जेवण झालं, पान झालं, भावकीतल्या कुणाच्या तरी बांधाचं भांडण सांगून झालं. हे हलले नाहीत. परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. "पूस आता." मी पुसलं. दोनदा, तीनदा. अत्तर तेलकट असतं, ते नुसत्या पाण्याने जात नाही. घरी येऊन साबणाने धुतलं. पण ते तोवर आत गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे दोन फटींएवढे राहिले. संध्याकाळी तुमचा फोन आला तोवर तेही मिटले होते. कान सुजून पाझरत होते, ओठ जाड झाले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी साखर वाढली, साखरेसाठी आणखी गोळ्या. डॉक्टर रागावून बोलत नाहीत, पण मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही असताना असं कसं झालं?" मी होतेच तिथे. पंचा घेऊन उभी होते.

पुढे कितीतरी दिवस चष्मा लावता येईना, त्याच्या काड्या कानामागेच टेकतात. मग पेपर मी वाचून दाखवायची. त्यावरही तक्रार, की मी मराठी बातम्या इंग्रजी बातम्यांसारख्या वाचते. डोळे मिटलेल्या माणसाची तेवढी तक्रार मला बरी वाटायची.

एकदा न राहवून मी आक्कांना फोन लावायला घेतला. त्यांना कळायलाच हवं होतं असं मला वाटलं. आजोबांना नंबर दाबल्याचा आवाज ऐकू आला.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"का? परत असंच होईल."

"तिला दिसत नाही. हातानेच बघते ती मला. तू सांगितलंस तर परत हात लावायची नाही."

मी फोन ठेवला. सुनेलाही गप्प राहायला सांगितलं. काही दिवसांनी आक्कांचाच फोन आला तेव्हा हे सुजलेल्या ओठांनी त्यांना म्हणाले, सर्दी झालीया.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. मला वाटायचं, प्रत्येक अडचणीला काहीतरी व्यवस्था असते, ती शोधायची. अत्तराच्या बाटलीत साधं तेल भरावं, तर आक्कांचं नाक डोळ्यांचंही काम करतं, हे आता आम्हाला माहीत आहे. खऱ्या मोगऱ्याची फुलं न्यावीत, तर दिवाळीत मोगरा कुठला, आणि फुलांचा वास बोटांना तो किती राहणार! डॉक्टरांनी सांगितलं, आधी चेहऱ्यावर साधं मलम जाड थापून जा, थोडाफार आडोसा होईल. आजोबा म्हणाले, मलम तिच्या हाताला लागेल, ती विचारेल. भाऊबीजेला जाऊच नये, हे मी बोलून दाखवलं नाही. आक्कांचं वय तुम्हाला माहीत आहे.

मे महिन्यात धाकटीने तुमच्या तिकडच्या बागेतला फोटो पाठवला होता, मला नाव माहीत नाही पण आजीला आवडतील म्हणून. पांढऱ्या घंटा, एका देठाला. मी लगेच ओळखलं. आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हीच का ती बया?" पुढच्या मे महिन्यात ती फुलं पुन्हा आली की खाली वाकून वास घ्या आणि मला कळवा, आजोबांचा जुना वास तसा होता का. मला आता तो नीट आठवत नाही.

त्यांच्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेली सेंटची बाटली कपाटात आहे. खोक्याचं सील फोडलेलं नाही. कधी कधी ते खोकं बाहेर काढतात, फिरवून बघतात, पुन्हा ठेवतात. कुणाला देऊन टाकू का विचारलं तर नको म्हणतात. यापुढे सेंट पाठवू नका. मोजे पाठवा.

काल आक्कांचा फोन आला होता. गणपती होऊन गेले, आता दिवाळी आलीच. फोन स्पीकरवर होता, त्यांना मोठ्यानेच बोलायची सवय आहे.

"औंदा येतायसा न्हवं भाऊबीजेला?"

"येतो की."

"नवी बाटली आणलीया. जुनीला वासच उरला न्हवता."

"बरं केलंस," आजोबा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला. हाताने कानामागे चाचपलं, तिथली कातडी अजून पातळ आणि गुलाबी आहे. मग मला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची. दिवाळीत गर्दी असते."

मी दवाखान्यात फोन केला. दिवाळीत उघडं असतं का विचारलं, तिथल्या मुलीने असतं म्हणून सांगितलं आणि सकाळची पहिली वेळ दिली. नाव, वय लिहून घेतलं. मग विचारलं, पेशंटला काय त्रास होतोय?

मी म्हटलं, अजून काही नाही.