कोअर जागे ठेवणारी ओळ

घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात मी आठ वर्षं ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, लिहीत होतो. तेव्हा माझ्याकडे डिबगिंगचा, म्हणजे बिघाड शोधायचा, ड्रायव्हर होता. क्लायंटच्या यंत्रातला बोर्ड अडकला की या ड्रायव्हरने प्रोसेसरच्या चारही कोअरना, म्हणजे त्यातल्या काम करणाऱ्या भागांना, 'शेवटी कुठे होतास' हे विचारून उत्तर नोंदवायचं. पण कधीकधी तो विचारायला गेला की अख्खा बोर्डच गोठायचा. तीन आठवडे मला कारण सापडत नव्हतं.

ते सापडलं टेस्टिंगमधल्या एकीला. ती कल्याणहून यायची. डिप्लोमा झालेली, मुलगी झाल्यावर चार वर्षं घरी थांबून नुकतीच परत आलेली.

"अरे, बोर्डला काम दिलेलं असलं की काही होत नाही," ती म्हणाली. "रिकामा ठेवला की गोठतो. रिकामे कोअर झोपतात ना? मग झोपलेल्याला विचारलं तर उत्तर कोण देणार?"

बरोबर होतं. बॅटरी वाचवायला झोपलेल्या कोअरची वीज तोडतात, आणि ड्रायव्हर उत्तराची वाट बघत तिथेच अडकतो. मॅन्युअलमध्ये मी हे वाचलेलं. सुचलं मात्र तिला.

"मग ड्रायव्हर तूच दुरुस्त कर," मॅनेजर सगळ्यांसमोर तिला म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी "छान, कर की" म्हणालो आणि जेवायला एकटाच गेलो.

तिचा कोड तपासायला माझ्याकडेच आला. डिबगिंग चालू असताना कोअरना झोपायला बंदी, अशी एक ओळ तिने घातलेली. चांगली होती. पण काम संपल्यावर बंदी उठवायची राहिलेली. म्हणजे कोअर कायम जागे, बॅटरी भराभर संपणार, यंत्र तापणार. मला ते लगेच दिसलं. बराच वेळ मी त्या ओळीकडे बघत बसलो. मग "ठीक आहे" लिहून पुढे पाठवलं. क्लायंटसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

आठवड्याने डेमोत क्लायंटने यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "हे एवढं गरम का?"

कुणी बोलायच्या आत ती म्हणाली, "माझी चूक. बंदी घातली, उठवायची राहिली. अर्ध्या तासात करून देते."

दिलीही. क्लायंट खूश होऊन गेला. मी जास्तच जळलो, कारण 'माझी चूक' हे मला असं सहज म्हणता आलं नसतं.

संध्याकाळी बसस्टॉपवर मी तिला सांगून टाकलं. "ती ओळ मला दिसलेली."

"माहितीये. तू एरवी एका जास्तीच्या स्पेसवरूनही कमेंट टाकतोस. त्या दिवशी एकही नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? चूक तर माझीच होती ना." तिची बस आली, ती चढली.

आता ती दुसऱ्या टीमची लीड आहे. भेटली की नीट बोलते. तिचं कौतुक झालेलं ऐकलं की माझ्या पोटात अजूनही दुखतं. तिचा कोड मात्र तेव्हापासून माझ्याकडे तपासायला आलेला नाही.