खडीवर टिकेल अशी सायकल

माझ्या सासूबाई परिचारिका आहेत. आरोग्य केंद्रातून निघून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, लकवा झालेल्यांकडून हातपाय हलवून घ्यायचे, हे त्यांचं काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. सासरेही कधीकधी "सिस्टर, चहा टाकू का?" म्हणतात आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसतात.

ही सगळी फिरती सायकलवर. त्यांची जुनी सायकल बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर पाखरासारखी पळायची. पण दगडखाणीच्या वस्तीकडे वळलं की डांबर संपायचं आणि खडी सुरू व्हायची. तिथे त्या उतरून सायकल हाताने ढकलत न्यायच्या.

उतारावरचं पहिलं घर मुकादमांचं. खाणीत आयुष्य गेलेला धिप्पाड माणूस, पण लकव्याने उजवी बाजू लुळी पडली होती. सासूबाईंनी गोडीगुलाबीने, कधी दरडावून त्यांना खाटेपासून दारापर्यंत चालवत आणलं. उंबरठ्याशी मात्र ते अडून बसायचे. लोकांना आपलं फरफटत चालणं दिसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोने समजावलं, सासूबाईंनी समजावलं, पण ते ढिम्म हलले नाहीत.

एक दिवस सासूबाईंना उशीर झाला होता, म्हणून खडीवर त्या उतरल्याच नाहीत. उतारावर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं. त्या डाव्या हातावर आपटल्या, औषधांची पेटी लांब जाऊन पडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुकादमांची बायको कामाला गेलेली. मुकादमांनी खिडकीतून सगळं पाहिलं.

पुढचं सासूबाईंनीच आम्हाला सांगितलं. आधी काठीचा आवाज आला, मग पाय ओढल्याचा. भिंतीचा आधार संपला तरी ते थांबले नाहीत. घामाघूम होऊन जवळ आले, कसेबसे खडीवर बसले आणि म्हणाले, "उठू नका सिस्टर. मी आलोय."

खाणीतून एक ट्रॅक्टर येईपर्यंत ते त्यांच्या डोक्यावर आपल्या अंगाची सावली धरून बसले होते. "हात दुखत होता गं," सासूबाई मला म्हणाल्या, "पण मी रडले ती हातासाठी नाही."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत घरात एकच चर्चा. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बसून करायचं काम देऊ केलं. सासरे, आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस, पहिल्यांदाच हट्टाला पेटले: आता फिरती पुरे. सासूबाई वाद घालत बसल्या नाहीत. प्लास्टर निघाल्यावर मात्र जेवताना शांतपणे म्हणाल्या, "मी जाणार आहे. फक्त त्या सायकलवर नाही."

सासऱ्यांनी ताटातली भाजी चिवडली. मग विचारलं, "मग कसली घ्यायची?"

दुकानात आम्ही सगळेच गेलो. माझ्या नवऱ्याचं मन बॅटरीच्या सायकलवर होतं. सासूबाईंनी ती उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, खडीत बॅटरी संपली तर हिला ढकलायला तू येणार का? वाकड्या हँडलची एक देखणी सायकल होती, पण तिच्यावर इतकं ओणवं बसावं लागे की मनगटावर सगळा भार. तीही बाद. दुकानदारीणबाई समजूतदार. त्यांनी विचारलं, रोज किती डांबर, किती खडी, सोबत ओझं काय? मग मागे जाऊन एक साधी हिरवी सायकल आणली. पोलादी सांगाडा, सरळ हँडल, रुंद टायर. टायरवरचे दाते बारीक होते, म्हणजे खडी धरून ठेवतील आणि डांबरावर जडही जाणार नाहीत. डिस्क ब्रेक, हलकेच दाबले तरी लागणारे. चढासाठी गिअर. चाक आणि मडगार्ड यांच्यात ऐसपैस जागा, खडा अडकायला नको. आणि मागे पेटीचं वजन पेलणारं कॅरिअर.

सासूबाईंना तेवढ्यावर भरवसा नव्हता. भरलेली पेटी त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. ती बांधून दुकानामागच्या कच्च्या मैदानात गेल्या, दोन चकरा मारल्या, मग उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. माझ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. चाक करकरलं, पण जागेवर थांबलं. दुकानदारीणबाईंनी टायरमधली हवा थोडी कमी करून पुन्हा फिरायला लावलं. या वेळी सासूबाई हसत परतल्या. "आता गादीवरून गेल्यासारखं वाटतं," म्हणाल्या.

घरी आल्यावर सासऱ्यांनी हँडलच्या मुठींना जाड कापडाची गादी शिवली, मनगटाला हादरा बसू नये म्हणून. त्यांनी तोंडाने होकार कधी दिला नाही. ही शिलाई हाच त्यांचा होकार.

पहिल्या दिवशी मी मागून स्कूटरवर गेले, सासूबाईंना आवडणार नाही हे ठाऊक असूनही. वळणापाशी मुकादम उभे होते, काठी टेकून. त्यांची बायको नंतर मला म्हणाली, सिस्टर पडल्या त्या दिवसापासून हे रोज इथवर येतात, आता कोण बघतंय याची फिकीर राहिली नाही.

सासूबाई न उतरता खडीवरून थेट त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. दोघांनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली, जणू काही घडलंच नव्हतं. मुकादम सायकल न्याहाळू लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा लुळा उजवा हात उचलून ब्रेकवर ठेवला.

"दाबा," त्या म्हणाल्या.

बोटं थरथरली. ब्रेक जेमतेम हलला, तरी चाक धरलं गेलं.

"फार मऊ आहे हो हा," मुकादम म्हणाले.

"म्हणूनच घेतलाय. अजून एकदा."

मी दूर उभी राहून पाहत होते. या दोघांपैकी कुणाचे आभार आधी मानावेत ते मला कळेना. मग मी स्कूटर हळूच वळवली. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "अजून एकदा, मुकादम. सावकाश."