धुऱ्यावरची पिल्लं

सुंदराबाईची पोटची पोरगी तिला मामी म्हणते. आता बोला! नवरा गेला तेव्हा प्रियदर्शनी दीड वर्षाची होती. सुंदराबाई सकाळी रोजानं जायची, दिवेलागणीला परतायची, पोरगी शेजारणीकडे. अमरावतीहून नणंद आली, माया. म्हणाली, "दिवसभर बेवारशी पडून राहते पोरगी. चार दिवस नेतो." त्या चार दिवसांची सोळा वर्षं झाली. सुंदराबाई न्यायला गेली, की माया दारातूनच सांगायची, झोपली आहे, उठवू नका.

यंदा फेब्रुवारीत पोरगी नात्यातल्या एका लग्नासाठी मामीच्या गावी, चांदूर बाजारकडे आली आणि हौसेनं मामीमागे हरभरा सोंगायला निघाली. तासाभरात ओरडलीच. धुऱ्यालगत, शेताच्या बांधाशी, ना बीळ ना आडोसा, सशाची दोन पिल्लं पडलेली, डोळे टक्क उघडे. तिनं ती ओढणीत उचलली.

"ठेव बाप्पा खाली," सुंदराबाई म्हणाली. "रानातल्या सशिणीले बीळ नसते, मोसम नसते. उन्हाळा असो का पावसाळा, वेते अन् पिल्लं ठेवून लांब जाते. जवळ बसली तर कोल्हा माग काढते. सांजच्याले येते, पाजते, पुन्हा जाते."

"माझी पांढरी सशीण बघा मामी. उन्हाळ्यात कूलर लावूनही गाभण राहत नाही. पण आता व्यायली, तर स्वतःच्या छातीचे केस उपटून गादी केली तिनं. तिच्यातच ठेवते यांना. दिवसभर उघड्यावर टाकून जाणारी कसली आई?"

सुंदराबाईची तळपायाची आग मस्तकात गेली. विळा तिनं मातीत आपटला.

"मी तुले टाकलं नोतं! रोज सांजच्याले येत होतो मी."

"मम्मीनं सगळं सांगितलंय मला. मला नेल्यावर तुम्ही कधी आलाच नाहीत."

"आलतो ना वं! तीनदा आलतो. तू झोपेल होती."

"तिन्ही वेळा?" पोरगी हसली. वाईट हसली.

पाचच्या एसटीनं ती गेली. पिल्लं पिशवीत.

दिवस बुडाला तशी सशीण आली. रिकाम्या जागी हुंगत फिरली, पुन्हा फिरली. सुंदराबाई धुऱ्यावरच बसून होती.

"आता कितीबी वेळा ये बाई," ती म्हणाली. "ते म्हनतीन, आलीच नाई."