कुर्र कोण करणार

लेक दीड महिन्याची झाली आणि घरात बारशाचा विषय निघाला. तोवर मी इतकी थकले होते की नावच ठेवायचं नाही असं कुणी म्हटलं असतं, तरी मी बरं म्हणाले असते. आमचं लग्न रजिस्टर झालेलं, तेव्हा बारशाला पूजा, मुहूर्त, भटजी नको हे ठरल्यातच जमा होतं. लालबागला आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये रविवारी माणसं जमवायची, आम्ही दोघांनी नाव सांगायचं, आलेल्यांनी वहीत लेकीसाठी एकेक ओळ लिहायची, मग जेवण. एवढंच.

सासूबाईंनी वाद घातला नाही. "देव नको तर नको," त्या म्हणाल्या, "पण पाळण्यात घालून कानात कुर्र तरी करतलात मा?" त्याला आमची ना नव्हती; कार्यक्रमाच्या कागदावर मी पाळणा आणि कुर्र लिहून टाकलं.

कानात नाव सांगून कुर्र करण्याचा मान आत्याचा. आमच्या लेकीला सख्खी आत्या एकच, माझी थोरली नणंद. घोडपदेवला राहतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तिका नको. चुलत आत्येक सांगूया," सासूबाई म्हणाल्या. स्वतःच्या पोटच्या मुलीबद्दल, मेथी निवडता निवडता.

माझं डोकं फिरलं. झोप नसली की रागाला धरबंद राहत नाही. कार्यक्रमाचा कागद ओढून मी पाळणा खोडला, कुर्र खोडलं. "ताईंना नाही तर कुणालाच नाही," म्हणून मोकळी झाले. नवऱ्याने मान डोलावली. तत्त्वासाठी भांडले म्हणून पुढचे दोन दिवस मी स्वतःवर खूश होते, हे आता सांगायलाही लाज वाटते.

शनिवारी ताई पिशवी भरून अंगडी-टोपडी घेऊन आल्या. लेकीला मांडीवर घेत म्हणाल्या, "देवाधर्माचं काही नाही म्हणालात ना, तेव्हा म्हटलं, मग मी चालेन. आठवडाभर घरात एकटीच कुर्र करून बघतेय. वेडीच मी."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. काय खोडलं, का खोडलं, सगळं सांगितलं. तुमच्यासाठीच, असंही वर म्हणाले. त्यांनी कागद वाचला, नीट घडी घातली.

"आईने मला नको म्हटलं. तू सगळ्यांनाच नको म्हटलंस. माझ्या वाट्याला काय आलं गं?"

ताईंना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याला शेजारच्या बिल्डिंगमधून पाळणा आणायला पाठवलं, आणि सासूबाईंना सांगितलं की कुर्र ताईच करतील. त्या कुकर लावायला उठल्या. भांडायला माझ्यातही जीव उरला नव्हता.

रविवारी ताई पाळण्यावर वाकल्या. कानात नाव सांगितलं, लांबलचक कुर्रर्र केलं. कुर्र झालं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. एकीचाही हात उठला नाही. सासूबाई खुर्चीत पदराचं टोक चाळवत बसून राहिल्या. ताई वाकलेल्याच. शेवटी मीच उठले आणि एक घातला, कसाबसा.

"एवढाच?" ताई वाकूनच म्हणाल्या. "जोरात घाल की गं."